तारीख, नाव, रक्कम

गोठवलेल्या मटारच्या दोन पिशव्या, कोथिंबिरीची जुडी आणि आल्याचा तुकडा घेऊन हेमचंद्र दुकानाबाहेर आला, तेव्हा त्याची मुलगी कमरेत दुमडून कचऱ्याच्या मोठ्या पेटीला टेकवून ठेवलेली त्याला दिसली. मुलगी पुठ्ठ्याची होती. गेलं वर्षभर ती आत, डाळींच्या रांगेच्या तोंडाशी उभी असायची. खऱ्या मुलीइतकीच, म्हणजे अंतराइतकीच, उंच, पाच फूट पाच इंच. गुडघ्यांना काळी पॅड, गुडघे वाकवलेले, दोन्ही हात जुळवून पुढे धरलेले, समोरून येणारी व्हॉलीबॉलची सर्व्हिस उचलायच्या तयारीत. पायांशी मखाण्यांची पाकिटं रचलेली. शनिवारी सामान घ्यायला येणारी माणसं गंमत म्हणून तिच्या हातांवर दुधी ठेवून फोटो काढायची. आता तिच्या कपाळावर पन्नास टक्के सवलतीचं नारिंगी स्टिकर होतं आणि जुळवलेले हात दुमडीमुळे स्वतःच्याच पावलांपर्यंत पोचले होते. हेमचंद्रने पहिलं काय केलं असेल, तर आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना ते पाहिलं.

गल्ल्यावरची सलोनी आणखी एक खोका टाकायला बाहेर आली. "अंकल, कंपनीने नया चेहरा लिया है. कोई कॉमेडियन. बोले, पुराना हटाओ." मग तिच्या लक्षात आलं आणि तिने जीभ चावली. "सॉरी अंकल. ले जाओ ना, आपकी ही तो है." हेमचंद्रने मान हलवली. "कैसी है अंतरा? टेक्सास में मज़े?" "घर आयी है," तो म्हणाला, "टॅक्स करने." सलोनी हसली. "बापरे! कल तक तो यहाँ लॉलीपॉप के लिए रोती थी."

त्याने पुठ्ठा सरळ केला. कमरेपाशी पांढरी चीर राहिली. शेजारची सीट मागे पाडून त्याने तिला आडवी ठेवली, तरी जुळवलेले हात डॅशबोर्डला टेकतच होते. घर सहा मिनिटांवर होतं. त्याने गाडीत बसून दार लावलं, मटारच्या पिशव्या मांडीवर घेतल्या आणि किल्लीचं बटण दाबायचं सोडून तो तसाच बसून राहिला. समोर वेस्ट विंडसरची एप्रिलमधली दुपार होती. पार्किंगच्या कडेची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती आणि त्यांचा तो कुबट वास काच बंद असूनही आत येत होता.

घरी जेवणाच्या टेबलाशी त्याची वाट पाहत होते. पंधरा एप्रिल या टॅक्सच्या शेवटच्या तारखेआधीचा शनिवार हा त्या घरात टॅक्सचा शनिवार होता. या देशात आल्याच्या दुसऱ्या वर्षी हेमचंद्रने तो सुरू केला आणि त्यात कधी खंड पडू दिला नाही. चारुता बुटांच्या खोक्यात साठवलेल्या पावत्या आणायची, साबुदाण्याची खिचडी करायची. अंतरा आठ वर्षांची झाली तेव्हापासून टाइप करायचं काम तिचं. हेमचंद्र वाचायचा. वाचण्याचा क्रम ठरलेला होता: आधी तारीख, मग नाव, मग रक्कम. रक्कम अंतराने मोठ्याने परत म्हणायची आणि मगच टाइप करायची. एका वर्षी महाराष्ट्र मंडळाला दिलेल्या शंभर डॉलरच्या देणगीचे तिने दहा हजार केले आणि पडद्यावरचा परताव्याचा आकडा एकदम उडी मारून वर गेला, तेव्हा ती टाळ्या पिटत खुर्चीवर उभी राहिली होती. हेमचंद्रने तिला खाली बसवून सांगितलं होतं, वाचणाऱ्याने घाई करायची नाही, लिहिणाऱ्याने गृहीत धरायचं नाही. तो औषधांच्या प्रयोगशाळेतला केमिस्ट होता. दशांश चिन्हापुढचे चार आकडे बघितल्याशिवाय कागदावर सही न करणारा माणूस म्हणून त्याची तिथे ख्याती होती.

आज सकाळी दहाला अंतरा टेबलाशी येऊन बसली. रात्रीच टेक्सासहून आली होती. उजवा पाय तिने दुसऱ्या खुर्चीवर लांब केला, गुडघ्यावर मटारची पिशवी ठेवली आणि लॅपटॉप उघडला. "बाबा, तुझं आधी की माझं?" "तिचं घे रे आधी," चारुता स्वयंपाकघरातून म्हणाली, "यंदाची हिरोईन ती आहे." मग हेमचंद्रने वाचलं. मखाण्यांची कंपनी. गुडघ्याची पॅड बनवणारी कंपनी. आधीच्या कॉलेजने जुलैमध्ये एकदम दिलेले पैसे. एकूण शहाण्णव हजार डॉलर. अंतराने रक्कम परत म्हटली, टाइप केली आणि पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "आता आधी भरलेला टॅक्स. जून, सप्टेंबर, जानेवारी. किती किती भरलास, बाबा?" "कागद बघायला लागतील," हेमचंद्र म्हणाला. मग त्याने तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. "ती पिशवी पार विरघळली की. दुसरे मटार नाहीत घरात. घेऊन येतो." "आत्ता?" चारुता म्हणाली. "बरं जातोच आहेस तर कोथिंबीर आण. बघून आण, मागच्या वेळी पिवळी आणलीस."  तो बूट घालत असताना अंतरा त्याच्याकडे बघत होती. सर्व्हिस करणाऱ्याच्या खांद्याकडे बघते तसं, चेंडू कुठे पडणार याचा अंदाज घेत.

ती लिबेरो होती. व्हॉलीबॉलमध्ये लिबेरोची जर्सी वेगळ्या रंगाची असते आणि तिला जाळ्यावरून चेंडू मारायची मुभा नसते. तिचं काम एकच, चेंडू जमिनीला लागू द्यायचा नाही. गुण मिळवायचे ते इतरांनी. अंतरा शाळेत असताना हेमचंद्रला हे अन्यायाचं वाटायचं. तो इतर पालकांना सांगायचा, टाळ्या चेंडू मारणारीला मिळतात, पण आधी कोणीतरी अंग टाकून उचललेला असतो. पुढे कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातीचे पैसे घ्यायची मोकळीक मिळाली, मग कॉलेजंच पैसे देणार असं ठरायला लागलं, आणि पंचवीसच्या फेब्रुवारीत मखाणेवाल्यांनी अंतराला बोलावलं, तेव्हा त्याला वाटलं की आता कुठे हिशोब बरोबर झाला. अंतराने आईला विचारून पहिला चेक देवापुढे ठेवला. मार्चमध्ये घराचं छत गळायला लागलं. हेमचंद्रची प्रयोगशाळा जानेवारीत बंद झाली होती आणि तो दोन तृतीयांश पगारावर कंत्राटी काम करत होता. अंतराने न विचारता अकरा हजार पाठवले. "बाबा, मी पण त्याच छताखाली वाढले ना," ती म्हणाली. त्याने उसने म्हणून घेतले. मंडळाच्या अमितने गणपतीसाठी तिच्याकडून वर्गणी मागितली, ती 'प्लॅटिनम' गटातली. चारुताच्या मामेभावाच्या मुलाला लॅपटॉप गेला. "आई, माझे इतके कझिन्स आहेत हे मला माहीतच नव्हतं यार," अंतरा एकदा हसत म्हणाली आणि चारुताने तिला दटावलं होतं.

कॉलेजने खेळाडूंसाठी पैशांचा एक वर्ग घेतला होता. त्यात सांगितलं होतं की हा पगार नव्हे, यातून कोणी काही कापून घेत नाही. प्रत्येक शंभरातले तीस बाजूला काढा आणि सरकारला दर तिमाहीला भरा. अंतराने ते शब्दशः केलं. तिच्या शाळेच्या दिवसांतलं एक बचत खातं होतं, ती अल्पवयीन होती म्हणून बाबांच्या नावासोबत उघडलेलं. दुसरं नाव काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या खात्याला तिने फोनवर 'टॅक्स' असं नाव दिलं आणि प्रत्येक चेकमधले तीस टक्के त्यात टाकत गेली. "बाबा, तू टॅक्सवाला आहेस. वेळेवर भरशील ना? माझे मॅचेस असतात." "मी बघतो," हेमचंद्र म्हणाला. त्याने ते मनापासून म्हटलं होतं, हे त्याला आजही शपथेवर सांगता आलं असतं. पण तीस वर्षं त्याच्या हातात पडलेला प्रत्येक पैसा आधीच कापून आलेला होता. टॅक्स म्हणजे एप्रिल, ही त्याच्या अंगवळणी पडलेली गोष्ट होती. जूनमध्ये त्या खात्यात एकोणीस हजार डॉलर होते, त्यावर वर्षाला अर्धा टक्काही व्याज नव्हतं, आणि एप्रिल दहा महिने लांब होता.

त्याच महिन्यात अनिलचा फोन आला. अनिल धाकटा भाऊ, मिरजेजवळच्या त्यांच्या गावात राहणारा, तिथल्या पतसंस्थेचा संचालक. हेमचंद्रने नोकरी सुटताना मिळालेले पैसे आधीच त्या संस्थेत अनिलच्या नावे ठेवले होते. अकरा टक्के व्याज. अनिल इकडचं तिकडचं बोलला, पावसाचं, आंब्यांचं, आणि मग म्हणाला, "दादा, लोक कुजबुजायला लागलेत. प्रत्येक संचालकाने नव्या ठेवी आणायच्या, असं ठरलंय. प्रश्न पैशाचा नाही रे, माझ्या नावाचा आहे." हेमचंद्र म्हणाला, माझ्याकडे आता नाहीत. "पोरीचे आहेत की," अनिल म्हणाला. "तशी काही सक्ती नाही. तुला पटलं तर." मग दोघेही थोडा वेळ गप्प राहिले. त्या गप्प राहण्यात आप्पा होते, दोघांचे वडील. एकवीसच्या मे महिन्यात विमानं बंद होती, व्हिसाचे शिक्के अडकले होते, आणि अनिलने आप्पांना एकट्याने स्मशानात नेलं होतं. प्लास्टिकचा तो पांढरा पोशाख घालून, चार अनोळखी माणसांसोबत. फोनवर हेमचंद्रला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याबद्दल अनिलने त्याला कधी चकार शब्द ऐकवला नव्हता. ऐकवला असता तर कदाचित सोपं गेलं असतं.

जूनमध्ये एकोणीस, ऑगस्टमध्ये नऊ. अठ्ठावीस हजार डॉलर, म्हणजे चोवीस लाखांच्या घरातली रक्कम. ठेव अनिलच्या नावाची. मुदत मार्चअखेर. हेमचंद्रने कागदावर हिशोब मांडला होता, व्याज धरून अंतराला वर दीड हजार डॉलर सुटत होते. ते तिला टॅक्सच्या शनिवारी एकदम दाखवायचे असं त्याने ठरवलं होतं. आकडा बघून ती पुन्हा खुर्चीवर उभी राहील, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे होतं. सप्टेंबरमध्ये तिने लॉकर रूममधून घाईत विचारलं, "बाबा, सप्टेंबरचा भरलास ना?" "हो," तो म्हणाला. एवढं एकच खोटं. बाकी सगळं तो कोणालाही समजावून सांगू शकला असता. अनिलला कौतुक होतं, त्याने पुतणीचा फोटो मागितला आणि हेमचंद्रने तोच पाठवला, मखाणेवाल्यांचा, जुळवलेल्या हातांचा. आठवड्याने अनिलने उलट फोटो पाठवला. संस्थेच्या दारावर दहा फुटी फ्लेक्स, मध्ये अंतरा, आणि वर लिहिलेलं, 'अमेरिकेत देशाचं नाव गाजवणाऱ्या आपल्या गावच्या कन्येचाही आपल्याच संस्थेवर विश्वास.' हेमचंद्रने तो फोटो चारुतालाही दाखवला नाही. पण फोनमध्ये तो वरचेवर उघडून बघायचा. मोठा करून, तिच्या चेहऱ्यापर्यंत.

दिवाळीनंतर संस्थेची खिडकी बंद झाली. प्रशासक आला. अनिलचे फोन आधी रोज येत होते, मग आठवड्याने, मग रात्री दोन वाजता नुसतेच वाजून बंद होणारे. शेवटच्या वेळी तो म्हणाला, "दादा, लोक घरी येतात. मला शिव्या देतात त्याचं काही नाही. तुझ्या पोरीचा फोटो फोनवर काढून दाखवतात." हेमचंद्रने विचारलं, फ्लेक्स उतरवला का? "प्रशासकाने दाराला सील लावलंय," अनिल म्हणाला. "फ्लेक्स दाराच्या वर आहे. त्याला हात कोण लावणार?"

पार्किंगमध्ये एक गाडी त्याच्या मागे येऊन थांबली. बाईने हातानेच विचारलं, निघताय का? हेमचंद्रने नाही म्हणून हात हलवला. तिने शेजारच्या सीटवर आडव्या पडलेल्या मुलीकडे पाहिलं, दचकली, आणि मग हसून निघून गेली. मांडीवरचे मटार ओले झाले होते. पँटच्या कापडातून गारवा मांडीत उतरत होता आणि तो सहन करण्यात त्याला काहीतरी बरं वाटत होतं.

डिसेंबरच्या तेरा तारखेला अंतराने व्हिडिओ कॉल केला होता. केस ओले, पाठीमागे तिच्या खोलीतली रिकामी भिंत. "मी पोर्टलमध्ये नाव टाकलंय." कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ती यादी असते, हे एव्हाना हेमचंद्रला माहीत होतं. चारुता रडायलाच लागली. अडीच वर्षांच्या मैत्रिणी, निम्मी झालेली संख्याशास्त्राची पदवी, सामन्यांना घरून दोन तासांत पोचता यायचं ते अंतर. शिवाय डॉक्टरांनी गुडघ्याला वसंतापर्यंत पूर्ण विश्रांती सांगितलेली. टेक्सासवाले महिन्याला नऊ हजार देणार होते, पण ती सरावाला उभी राहिली तरच. हेमचंद्रने आवाज चढवला. आपण इतके मोठ्याने बोलू शकतो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. "पैशासाठी? पैशासाठी मैत्रिणींना सोडून चाललीस? आपल्या घरात हे आलं कुठून?"  "हो, बाबा. पैशासाठी," अंतरा म्हणाली. आणि मग, हसल्यासारखं करून, "तिथे स्टेट टॅक्स पण नाही."

ते वाक्य हेमचंद्रने जपून ठेवलं होतं. त्याला ते कबूल करायला आवडलं नसतं, पण डिसेंबरपासून त्या वाक्याने त्याला झोप लागत होती. पहाटे जाग आली, छातीवर अठ्ठावीस हजार येऊन बसले, की तो स्वतःशी म्हणायचा, तीही काही आता आधीची राहिलेली नाही. पैशाने तीही बदललीच. हे म्हटलं की स्वतःची चूक थोडी लहान व्हायची, सगळ्यांच्या चुकांइतकी. पोरीला लोभ सुटला आहे, असं मानून घेण्यात बापाला आधार वाटावा, ही गोष्ट त्याच्या ध्यानात येत होती आणि तो ती बाजूला सारत होता.

त्याने गाडीच्या कप्प्यातून एक लिफाफा काढला. त्याच्या निवृत्तीच्या खात्यातून पैसे काढायचा अर्ज. फेब्रुवारीतच भरून ठेवलेला. नाव, जन्मतारीख, रक्कम. खाली पत्नीच्या सहीची जागा. सही लागत होती म्हणूनच तो दोन महिने कप्प्यात पडून होता. चारुताने विचारलं असतं, कशाला? आणि कशाला याचं उत्तर एका वाक्यात संपलं नसतं. आता पुठ्ठ्याच्या मुलीशेजारी बसून त्याला ते एक वाक्य सापडलं. 'यंदाचा टॅक्स मी भरणार. तुझे पैसे आहेत तिथेच राहू देत. माझ्याकडून भेट समज.' त्याने ते हळू म्हणून पाहिलं. पुन्हा म्हटलं. भेट म्हटलं की कोणी हिशोब मागत नाही. चारुता डोळे पुसत सही करील. संस्थेचे पैसे आले तर आले, नाही आले तर वर्षा-दोन वर्षांत, हळूहळू, सांगता येईल. वाक्य चांगलं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

त्याने गाडी सुरू केली. शेजारच्या सीटकडून पट्टा लावायची सूचना वाजली नाही. पुठ्ठ्याला वजन नव्हतं.

दार अंतरानेच उघडलं. लंगडत आली होती. त्याच्या काखेतला पुठ्ठा बघून तिने आधी तोंडावर हात ठेवला आणि मग ती खरंच हसली. "ओ माय गॉड. आई, बाबाने मला विकत आणलं. फिफ्टी पर्सेंट ऑफ!" चारुता पळीसकट बाहेर आली. "अगंबाई! आता हिला ठेवायची कुठे? एक सांभाळता नाकीनऊ येतात." पुठ्ठ्याची अंतरा त्यांनी भिंतीला टेकवली. ती कमरेतून पुढे झुकायला लागली, तेव्हा खऱ्या अंतराने तिच्यामागे खुर्ची सरकवली. सगळे बसले. हेमचंद्रने मटारची पिशवी तिच्या हातात दिली. "मऊ झालेत," तो म्हणाला. "चालेल," ती म्हणाली आणि ती तशीच गुडघ्यावर ठेवली.

हेमचंद्रने लिफाफा टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि वाक्य म्हटलं. पार्किंगमध्ये म्हटलं होतं तसंच, एकही शब्द न बदलता. यंदाचा टॅक्स मी भरणार. भेट समज. चारुता त्याच्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा, त्याने ठरवलं होतं अगदी तसाच, हळूहळू मऊ झाला. "बघ," ती अंतराला म्हणाली, "आणि तू डिसेंबरपासून बाबाशी धड बोलत नाहीयेस." अंतराने लॅपटॉपची घडी अर्धी मिटली, पुन्हा उघडली. ती रडेल असं त्याला क्षणभर वाटलं.

"टॅक्स झालाय, बाबा," ती म्हणाली. "लास्ट वीक भरला. पेनल्टीसकट. कॉलेजचा एक माणूस आहे, त्याने फाइल केलं. टेक्सासचे तीन महिन्यांचे पैसे होते, थोडे माझे."

"मग सकाळी विचारलंस कशाला?" चारुता म्हणाली.

"बाबा काय सांगतो ते ऐकायचं होतं." तिने हे हेमचंद्रकडे न बघता सांगितलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला कुठेतरी पाय ठेवायला जागा मिळाली असती. मग तिने आपला फोन पुढे केला. "मी टॅक्ससाठी नाही आले. मला हे वाचून पाहिजे. मला मराठी वाचता येत नाही, आणि ट्रान्सलेट केलं की ते विचित्र येतं, कोणी रोबोट बोलतोय असं. तू वाच. नीट. आपण वाचतो तसं."

फोनवर एक मेसेज होता. देवनागरीत, मध्ये न थांबता लिहिलेला. वरच्या कोपऱ्यात गोल चौकटीत एका साठीच्या बाईचा फोटो, मागे तुळस. हेमचंद्रने चष्मा वर ढकलला. त्याला पुढचं सगळं एका दृष्टिक्षेपात दिसलं, तरी त्याचं तोंड सवयीने, पंचवीस वर्षांच्या शनिवारांच्या सवयीने, आधी तारखेकडे वळलं.

"अकरा डिसेंबर," तो म्हणाला.

अकरा. तेराला तिने व्हिडिओ कॉल केला होता. ओले केस, रिकामी भिंत. त्याने तो 'हो' पुन्हा ऐकला, पैशासाठी, आणि या खेपेला त्याच्यामागे काय होतं तेही ऐकलं. छातीवर रोज पहाटे जे येऊन बसायचं, ते या मुलीने अकरा डिसेंबरपासून एकटीने उचलून धरलं होतं. त्याने तिला विचारलं होतं, आपल्या घरात हे आलं कुठून, आणि उत्तर तिला माहीत असूनही तिने ते त्याला सांगितलं नव्हतं.

"नाव," अंतरा म्हणाली.

"शैलजा माने."

"पुढे वाच."

त्याने वाचलं. "'ताई, नमस्कार. तुम्ही मला वळखत नाही. मी अंगणवाडीतून रिटायर झाले. संस्थेच्या दारात तुमचा फोटो बघितला. एवढी मोठी खेळाडू अमेरिकेतून पैसे ठेवती, मग आपल्याला कसली भीती म्हणून मी पण ठेवले. दोन लाख दहा हजार. आता खिडकी बंद आहे. तुमचे काका भेटत नाहीत. मला व्याज नको. माझे ठेवलेले तेवढे मिळतील का, एवढंच सांगा. तुमचे पण अडकले असतील तर तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. नातवाने नेटवर दाखवलं, तुमच्या गुडघ्याला लागलंय. हळद गरम करून लावा.'"

स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याचा वास आला. चारुता उठली नाही. "कुठली संस्था?" तिने विचारलं. हेमचंद्रकडे बघत, मग अंतराकडे, मग टेबलावरच्या लिफाफ्याकडे. "अहो, कुठली संस्था?" लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी अहो म्हटलं नव्हतं.

अंतराने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. पडद्यावर टॅक्सचा अर्ज नव्हताच. तीन उभे रकाने होते, वर तारीख, नाव, रक्कम असं लिहिलेलं, खाली सगळं रिकामं. गुडघ्यावरची पिशवी घसरून जमिनीवर पडली आणि ती उचलायला तिने वाकूनही पाहिलं नाही.

"दोन लाख दहा हजार," तिने मोठ्याने परत म्हटलं आणि टाइप केलं. "अजून चौदा आहेत, बाबा. पुढचा वाच."